तंतुकाचा हिशेब



दत्तजयंतीच्या सप्ताहात आपल्यापैकी अनेकांच्या घरी श्रीगुरुचरित्राचं पारायण होतं. त्यात गाणगापूरच्या तंतुकाची कथा येते. तंतुक म्हणजे विणकर. प्रपंच सांभाळून तो श्रीगुरूंच्या मठाचं अंगण झाडीत असे. शिवरात्रीला घरची माणसं श्रीशैलास निघाली, तेव्हा हा म्हणाला, माझं श्रीशैल इथंच आहे. मग श्रीगुरूंनीच त्याला पादुका घट्ट धरायला लावल्या आणि क्षणात श्रीशैलास नेलं. मल्लिकार्जुनाच्या जागी त्याला श्रीगुरूच दिसले.

या कथेत श्रीगुरू त्याला माग सोडायला कुठंही सांगत नाहीत. असं का, याचा उलगडा मला सोलापुरात झाला. बँकेच्या नोकरीत काही वर्षं तिथं होतो. तेलंगणातून येऊन तिथं स्थायिक झालेली पद्मशाली विणकर मंडळी आमचे खातेदार. आता चादरी बहुतेक यंत्रमागावर निघतात, पण हातमाग चालताना मी पाहिला आहे. पायाखालची पावडी दाबली की उभ्या ताण्याचे निम्मे धागे वर जातात, निम्मे खाली राहतात. मधल्या वाटेनं धोटा आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन धावतो. मग फणीचा ठोका.

दहा मीटर ताणा लावला तर दहा मीटर कापड उतरत नाही. आम्ही हिशेबवाले! ही तूट कुठं गेली, असं मी एका म्हाताऱ्या विणकराला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, थोडं शेवटाला मागातच राहतं. बाकीचं कुठं जात नाही. धागा दुसऱ्या धाग्यावरनं, खालनं वाकत जातो ना!"

भक्तहो, उतारवयात आपणही असाच हिशेब मांडतो. किती पारायणं झाली? नृसिंहवाडी, गाणगापूर किती वेळा घडलं? आईचं दुखणं, मुलांचं शिक्षण, मुलीचं लग्न यांत वर्षं गेली. जमेची बाजू तोकडी वाटते. पण ती लांबी वाया गेलेली नाही. आपण आपल्या माणसांसाठी वाकलो, म्हणून तर घराचं कापड झालं. सरळ ताठ राहिलो असतो तर लांबी पुरी भरली असती, पण नुसतं सूतच राहिलं असतं. आणि सुतानं कुणाची थंडी जात नाही.

मात्र याची पळवाट करू नये. बाण्याचा धागा तुटला तर एखादी ओळ बिघडते. ताण्याचा तुटला तर पुढं सगळ्या कापडात फट पडत जाते. म्हणून विणकर तिथंच माग थांबवून गाठ मारतो. आपला नित्यनेम हा ताणा आहे. एक दिवस नाम चुकलं तर दुसऱ्या सकाळीच गाठ मारावी. पुढच्या सप्ताहाची वाट पाहू नये.

यंदा कुणाला गुडघ्यांमुळे पालखीबरोबर चालता येणार नाही. कुणाला आजाऱ्याच्या उशाशी बसावं लागेल. त्यांनी खंत करू नये. आजाऱ्याच्या अंगावरची चादर सारखी करताना महाराजांचं नाम घ्यावं. ज्यांनी तंतुकाला श्रीशैलास नेलं, त्यांना आपल्या घरी येणं काही अवघड नाही.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥