दुसऱ्यांच्या पत्रांचा साठा

आऊटलुक वापरणाऱ्या कचेऱ्यांमध्ये पीएसटी फाइल, म्हणजे जिच्यात सगळी मेल साठते ती फाइल, हे जुनं दुखणं आहे. 2002 पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये या फाइलला 2 जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाइल उघडेनाशी होई. मायक्रोसॉफ्टने त्यावर काढलेलं साधन मोठं मासलेवाईक होतं. ते फाइलचा शेपटीकडचा तुकडा छाटून टाकी आणि उरलेला भाग मग स्कॅनपीएसटी या दुरुस्तीच्या साधनाने नीट करून घ्यायचा. छाटलेल्या भागात कोणती पत्रं जावीत, हे ठरवणं मालकाच्या हातात नसे. काय ठेवायचं याचा वर्षानुवर्षं जो निर्णय आपण टाळला, तो अखेर एका यंत्राने आंधळेपणाने घेतला, असाच त्याचा अर्थ. पुढे मर्यादा 20 जीबी झाली, 2010 च्या आवृत्तीत 50 झाली. मधल्या काळात, 1 एप्रिल 2004 रोजी, जीमेल आलं. हॉटमेल 2 एमबीवर बोळवण करत होतं तेव्हा त्याने थेट 1 जीबी दिली आणि आता काही खोडायची गरज नाही असं सांगितलं. तेव्हापासून आलेलं पत्र ठेवायचं की टाकायचं, हा प्रश्न बहुतेकांनी स्वतःला विचारणंच सोडून दिलं. फुगलेल्या फाइलीचं काय करायचं, हे आपण संगणक विभागाला विचारतो. माझ्या मते तो मुळात धर्माचा प्रश्न आहे, आणि तोही आपण समजतो त्या व्रताचा नव्हे.

पहिल्यांदा आठवतो तो अर्थातच अपरिग्रह, म्हणजे साठा न करणं. पतंजलींच्या पाच यमांत तो शेवटचा, जैनांच्या पाच महाव्रतांतही शेवटचा. पण तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूकडे बोट दाखवलेलं नाही. वस्तूवरचा मोह, मूर्च्छा, हाच तिथे परिग्रह ठरतो. त्यामुळे साठा करणाऱ्याला आयती पळवाट मिळते. ‘2009 ची फाइल मी कधी उघडूनसुद्धा पाहत नाही, मग मोह कसला?’ युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. ती फाइल निवडून डिलीटवर बोट ठेवलं की जो धसका बसतो, त्यातच मोह आहे, असं उत्तर देता येईल. पण तो धसका नुसती सावधगिरीही असू शकतो. आणि बाइटला वजन नसतं, जागा जवळपास फुकट पडते, माझ्या साठ्यामुळे कुणाच्या ताटातला घास कमी होत नाही, हा आक्षेपही उरतोच. अपरिग्रहाच्या अंगाने हा वाद फार पुढे सरकत नाही, असं मला वाटतं.

तो सरकतो पतंजलींच्याच यादीतल्या तिसऱ्या यमापाशी, अस्तेयापाशी, म्हणजे चोरी न करण्यापाशी. कुठल्याही जुन्या वर्षाचं फोल्डर उघडा. एका उमेदवाराचा बायोडेटा, त्यात जन्मतारीख आणि घरचा पत्ता. रजेच्या अर्जाला सहकारी बाईंनी जोडलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट. खोली आरक्षित करण्यासाठी मागवलेली चार जणांची आधार कार्डं. कुणाचा रद्द केलेला धनादेश. रात्री उशिरा, रागाच्या भरात लिहिलेला मजकूर, ज्याबद्दल लिहिणाऱ्याने दुसऱ्या दिवशी फोन करून क्षमाही मागितली होती. आपण ‘माझा मेलबॉक्स’ म्हणतो खरं, पण त्यातला निम्म्याहून अधिक ऐवज दुसऱ्यांचा असतो आणि तो एका कामापुरता आपल्या हाती सोपवलेला असतो. गांधीजींनी 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रं लिहिली, त्यांत गरज नसताना वस्तू जवळ ठेवणं हीसुद्धा एक चोरीच, असं सांगून त्यांनी ही दोन व्रतं एकमेकांना जोडली. काम संपल्यावरही दुसऱ्याचा कागद ठेवून घेणं याला हे माप जसंच्या तसं लागू पडतं. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संस्थांना हेच बजावलं आहे: हेतू पुरा झाला की माहिती पुसा. घरगुती, खासगी वापराला त्यातून सूट आहे. पण कायद्याने सोडलं म्हणून नीतीने सोडलं असं होत नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप इतिहासवाल्यांचा, आणि महाराष्ट्रात तो ठासून मांडला जाणारच. पेशवे दफ्तरातले कागदांचे रुमाल कुणी कामापुरते ठेवून मग जाळले असते, तर रियासतकार सरदेसायांनी 1930 नंतर 45 खंड कशातून काढले असते? खुद्द गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत 100 खंड झाले, ते पुष्कळसे पत्रं ज्यांना आली त्यांनी ती जपली म्हणूनच. हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो, हे मान्य करायला हवं. तरी त्याकडे थोडं बारकाईने पाहू. दफ्तर हा राज्याचा व्यवहार होता आणि हिशेब, सनदा, वतनांचे दाखले राखणं हे दफ्तरदाराचं कर्तव्यच होतं. आजही कंपनी कायदा हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायला लावतो, म्हणजे हेतू आणि मुदत दोन्ही सांगतो. गांधीजींचं पत्र जपणाऱ्यानेही ते बाजूला काढून, जाणूनबुजून जपलं होतं. त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बिलाची आणि प्रत्येक निमंत्रणाची रास त्याने त्या पत्राबरोबर नातवांच्या गळ्यात घातली नव्हती. काहीच न निवडता ठेवलेल्या 50 जीबीतून इतिहासकाराला काहीतरी सापडेलही. पण त्या आशेवर सहकारी बाईंचा सोनोग्राफीचा रिपोर्ट वीस वर्षं राखून ठेवण्याचा अधिकार मला कुणी दिला?

म्हणूनच जड फाइलीवर सर्रास सुचवला जाणारा उपाय, वर्षवार तुकडे करून बाहेरच्या डिस्कवर टाकणं, मला अपुरा वाटतो. आऊटलुक त्याने हलकं होतं, मालकाचा निर्णय तेवढा आणखी एका कपाटात जातो. फाइल फोडण्याआधी ती चाळावी लागते. कामाची मुदत उरलेली पत्रं कोणती, आपल्याला उद्देशून मनापासून लिहिलेली कोणती, आणि केवळ पुसायचं राहून गेलेली कोणती, हे पाहावं लागतं. यंत्रही इथे घाई करू देत नाही. पत्रं खोडली तरी फाइल लगेच लहान होत नाही, त्यांची रिकामी जागा आतच राहते आणि ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ देऊन ती काढून टाकावी लागते. एका ठिकाणी मात्र माझं माप अडतं. गेलेल्या वडिलांची मेल मुलीने ठेवली, तर त्यात हेतू कोणता आणि मुदत किती? त्यांनी तिला लिहिलेली पत्रं तिचीच आहेत, त्यांवर वाद नाही. पण त्यांच्या मित्राने त्यांना, फक्त त्यांनाच, विश्वासाने लिहिलेली पत्रंही त्याच फाइलीत असतात. तो मित्र हयात असेल तर त्याला विचारता येतं, आणि माझ्या मते ती वाचण्याआधी विचारावं.