यशोधरेला बोलू द्या

वर्षावासातील एका संध्याकाळी नशिराबादच्या एका घरी ग्रंथवाचन झाल्यावर घरच्या सुनेने हिरा बनसोडे यांची 'यशोधरा' ही कविता वाचून दाखविली. सिद्धार्थ गेल्यावर मागे राहिलेल्या यशोधरेशी ही कवयित्री जिव्हाळ्याने बोलते. वाचन संपताच एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "पोरी, सीतेचं, अहिल्येचं गाऱ्हाणं खुशाल मांडा. पण हे तर भगवंतावरच बोट ठेवणं झालं!" सून गप्प बसली.

धम्मबंधू-भगिनींनो, खरोखरच तसे झाले काय?

गरोदर सीतेला वनात सोडले, हे दुःख आपल्या आज्या जात्यावर गात आल्या. आजच्या कवयित्री सीतेला बोलावयास लावतात, तेव्हा आपण टाळ्या वाजवितो. मग जी फूटपट्टी दुसऱ्याच्या पुराणाला लावली, ती आपल्या उंबरठ्याशी येताच लपवावयाची काय? परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले, एवढ्यावरून काहीही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले आहे.

बाबासाहेबांनी तेच केले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाची जुनी कथा तपासली. बायको झोपेत असता सिद्धार्थ निघून गेला, हे त्यांनी स्वीकारले नाही. त्यांच्या ग्रंथात रोहिणीच्या पाण्यावरून होऊ घातलेल्या युद्धाला सिद्धार्थ विरोध करतो आणि परिव्रज्या पत्करतो. यशोधरेशी तो बोलतो. ती खंबीरपणे संमती देते. राहुल नसता तर आपणही निघालो असतो, असे सांगते.

परंतु संमती दिली म्हणून दुःख सरते काय? तथागत कपिलवस्तूला परतले तेव्हा सारे भेटावयास आले, यशोधरा आली नाही. आपली काही योग्यता असेल तर ते स्वतः येतील, असे तिने मानले. आणि तथागत तिच्या दालनात गेले! कवितेने याहून वेगळे काय केले? तीही त्याच दालनात गेली.

न्यायासाठी एक जण घर सोडतो, तेव्हा त्याची किंमत घरात राहिलेलेही मोजतात. हे आपणांस कोणी शिकवावयास नको. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्यांचे कष्ट आठवताना बाबासाहेबांची थोरवी कमी होते काय? उलट, त्या थोरवीचा पाया दिसतो.

थेरीगाथेत सुमंगलाची आई मुसळापासून आणि निर्लज्ज नवऱ्यापासून सुटल्याचा आनंद मोकळेपणाने सांगते. धम्माने तो शब्द पुसला नाही, जपून ठेवला.

आपण देव्हारे रिकामे केले. आता घरातील बाईला गप्प बसविण्याची सवयही सोडली पाहिजे. त्या सुनेला पुढच्या वाचनाला पुन्हा ती कविता वाचावयास सांगा. आणि वाचून झाल्यावर लगेच उत्तर देऊ नका. आधी ऐका.