विहिरीजवळचे छोटे घर



मागच्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मला भेटायला आले. त्यांचे नाव सांगत नाही. गोष्ट मात्र त्यांच्या परवानगीनेच सांगतो. येत्या मार्चमध्ये ते नोकरीतून निवृत्त होत आहेत. ३६ वर्षे त्यांनी पहाटेची चर्चगेट लोकल धरली. खिशातून त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने घर आखलेले होते. वाडीत, विहिरीच्या जवळ एक खोली, कोपऱ्यात स्वयंपाकाची जागा, मागे न्हाणीघर. एकूण ३०० चौरस फूट, वर मंगलोरी कौले. बंगला मुलगा-सुनेच्या स्वाधीन करायचा आणि नवरा-बायकोने इथे राहायचे. "फादर, गाडीत उभ्या उभ्या मी हे घर कितीतरी वेळा बांधले आहे," ते म्हणाले.

खरे सांगतो, मला आनंद झाला. आपल्या वसईत आपण आजोबांची कौलारू घरे पाडली, कुठे कुठे बावखलेही बुजवली आणि बंगले उभे केले. मुले कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेली. कितीतरी बंगल्यांत संध्याकाळी एकाच खोलीत दिवा लागतो आणि म्हातारी माणसे ज्या खोल्यांत कुणी झोपत नाही त्या रोज झाडत बसतात. अशा वेळी पुरेसे तेवढेच बांधू म्हणणारा माणूस भेटला, तर धर्मगुरूला बरे वाटणारच. अमेरिकेत अशा घरांची आता मोठी हौस आहे. तिथल्या २०१८ च्या नमुना बांधकाम नियमांत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला 'टायनी हाउस' म्हटले आहे. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची! आपल्या लोकांनी तेवढ्यात पाहुण्यांसकट संसार केले, पण त्याला कुणी इंग्रजी नाव दिले नाही.

नकाशा पाहताना एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. बंगल्याच्या बाजूची भिंत सलग होती. तिला खिडकी नव्हती. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आता कुणाची कटकट नको, फादर."

मी म्हणालो, "तुमच्या मिसेसनी हा कागद पाहिला का?"

त्यांनी कागदाची घडी घातली. "अजून नाही. आधी पक्के होऊ दे."

बंधु-भगिनींनो, लूकच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात प्रभू येशू एका श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला देतो. तो का दिला, हे आपण विसरतो. एक जण वाटणीचे भांडण घेऊन प्रभूकडे आला होता. भावाला माझा वाटा द्यायला सांगा, असे त्याचे म्हणणे. (आपल्याकडेही हे भांडण घेऊन लोक येतात, आणि फादरांनी आपल्याच बाजूने बोलावे अशी दोन्ही भावांची अपेक्षा असते.) त्यावर प्रभू या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. भरघोस पीक आले, जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे त्याने ठरवले आणि आता पुष्कळ वर्षे आराम, असे मनाला सांगितले. आपण म्हणतो, त्याची चूक मोठ्या कोठारांत होती. पण तो दाखला पुन्हा वाचा. हा मनुष्य साऱ्या दाखल्यात फक्त स्वतःशीच बोलतो. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. त्याच रात्री मरण येते, तेव्हा त्याच्याशी दुसरे कुणी प्रथमच बोलते, आणि तो परमेश्वर असतो. कोठार लहान बांधूनही माणूस असाच एकटा बोलत राहू शकतो. मला भीती वाटली ती ह्याची.

याउलट जुन्या करारातील शूनेम गावची बाई पाहा (२ राजे, अध्याय ४). अलीशा संदेष्टा तिच्या दारावरून जातो-येतो. आपण गच्चीवर त्याच्यासाठी एक लहानशी खोली बांधू या, असे ती ठरवते. सामान किती? एक खाट, एक मेज, एक चौकी, एक दिवा. ही बायबलमधली सर्वांत लहान खोली असावी. पण बांधण्याआधी ती नवऱ्याशी बोलते, आणि खोली बांधते ती दुसऱ्यासाठी. पुढे तिला मुलगा होतो, आणि एके दिवशी आईच्या मांडीवरच तो मरतो. तेव्हा ती बाई त्याला उचलून कुठे नेते? त्याच खोलीत. त्याच खाटेवर ठेवते, दार लावते आणि अलीशाला आणायला धावते. परक्या माणसासाठी मांडलेल्या त्या खाटेवर तिला तिचा मुलगा जिवंत परत मिळाला.

संत फ्रान्सिस असिसीकर आणि त्याचे पहिले बंधू रिव्होतोर्तो इथे एका झोपडीत राहत. जागा इतकी अपुरी की नीट बसताही येत नसे. फ्रान्सिसने तुळयांवर एकेका बंधूचे नाव लिहिले, म्हणजे प्रार्थनेला आणि झोपायला आपली जागा कुठली हे प्रत्येकाला कळावे. तिथून ते हलले तेही एक शेतकरी आपले गाढव हाकत आत घुसला म्हणून! वाद न घालता त्यांनी जागा सोडली. मला ती तुळईवरची नावे फार आवडतात.

आता माझेही सांगतो. धर्मगुरूने ७५ वर्षे पूर्ण केली की राजीनामा बिशपांकडे द्यावा, अशी चर्चच्या कायद्यात विनंती आहे. मला तीन वर्षे उरली. वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात मिळणारी खोली मीही मनात केव्हाच लावून ठेवली आहे. पुस्तकांचे कपाट इथे, टेबल तिथे, पंख्याखाली आरामखुर्ची. त्या गृहस्थांना उपदेश करून झाल्यावर रात्री लक्षात आले, माझ्या त्या खोलीत दुसरी खुर्चीच नाही. कुणी बोलायला आले तर बसणार कुठे? ३६ वर्षे गर्दीत उभा राहिलेला माणूस आणि ४० हून अधिक वर्षे लोकांची दुःखे ऐकलेला धर्मगुरू, दोघेही थकलेले असतात. विश्रांतीची इच्छा हे पाप नाही. सातव्या दिवशी परमेश्वराने विश्रांती घेतली आणि तो दिवस पवित्र केला. पण त्या दिवशी आपण दार लावून घेत नाही, देवळात एकत्र येतो.

गेल्या रविवारी मिस्सानंतर ते गृहस्थ पुन्हा आले. कागद तोच, पण आता त्यावर निळ्या पेनच्याही रेघा होत्या. मिसेसनी पुढे पूर्वेला आठ फुटांचा ओटा काढला होता. तिन्हीसांजेच्या रोझरीला शेजारच्या बाया बसतील म्हणून. आणि बंगल्याच्या बाजूच्या भिंतीत खिडकी. "सुनेने हाक मारली तर ऐकू आली पाहिजे," असे त्या म्हणाल्या.

गवंड्याचा खर्च वाढला, अशी कुरकुर ते करीत होते. मग त्यांनी मला विचारले, पायाच्या आशीर्वादाला कुठला वार सोयीचा पडेल.