भिंत कोणाची?

नवे घर बांधून झाले, रंग वाळला, की कुटुंब दिवाणखान्याच्या कोऱ्या भिंतीपुढे येऊन थबकते. फरशी कोणती, खिडक्यांना गज कसले, पंखे किती, हे प्रश्न पैशाने आणि गवंड्याच्या सल्ल्याने केव्हाच सुटलेले असतात. भिंतीवर काय लावावे हा प्रश्न तसा सुटत नाही. वरवर पाहता तो आवडीनिवडीचा प्रश्न आहे, आणि आवडीनिवडीत नीतिशास्त्राने नाक खुपसू नये हे आम्हांस मान्य आहे. तरीही ज्या घरात तीन पिढ्या एका छपराखाली नांदतात, तेथे भिंत कोणा एकाची नसते. तिच्यावर काय राहावे आणि काय उतरावे हे ठरविताना आपण एकमेकांविषयीही काहीतरी ठरवीत असतो.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. दारासमोरच्या भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, शेजारी पवित्र मरियेची, मध्ये क्रूस, क्रूसामागे खोचलेली झावळ्यांच्या रविवारची वाळकी पाती, आणि खाली दिवंगतांचे फोटो. तसबिरी आढ्याच्या बाजूला उंच, दोरीवर पुढे झुकलेल्या. ते झुकणे केवळ आदरापोटी नव्हते. खाली गुडघे टेकून जपमाळ म्हणणाऱ्यांना चित्र नीट दिसावे, काचेची तिरीप डोळ्यांवर येऊ नये, ही सोयही त्यात होती.

आता सदनिकेची भिंत दहा फुटांची. तिच्यासमोरची भिंत दूरचित्रवाणी संचाने आधीच व्यापलेली. सोफ्याच्या वर एकच मोठे चित्र शोभेल असे मुलाचे व सुनेचे म्हणणे. मग सासूबाईंनी जुन्या घरातून लुगड्यात गुंडाळून आणलेल्या तसबिरीचे काय? ‘आई, ती आतल्या खोलीत लावू.’ या वाक्यात दुष्टपणा नाही. सुनेचा सूरही मायेचा असतो. पण हेच ‘आतल्या खोलीत’ पाहुणे आले की आईच्या बसण्याविषयीही म्हटले जाते, आणि आई ते ऐकून घेते. तसबिरीचा वाद पुष्कळदा तसबिरीचा नसतोच.

म्हणून जे जुने ते तसेच टांगून ठेवावे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. पवित्र हृदयाचे जे रूप आपल्या घरोघरी पोहोचले, त्याचा वंश पोम्पेओ बातोनी या चित्रकाराने १७६७ मध्ये रंगविलेल्या, रोमच्या ‘जेसू’ मंदिरातील चित्रापर्यंत जातो. ते चित्र घराच्या दर्शनी जागी विधिपूर्वक स्थापण्याची चळवळ फादर मातेओ क्रॉली-बोव्ही यांनी १९०७ मध्ये फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथून सुरू केली. तिच्यातील मर्म आमच्या मते चित्राइतकेच जागेत आहे. दर्शनी जागा म्हणजे जेथे पैशाचे हिशेब होतात, सोयरिकी ठरतात, वाटणीच्या वेळी भावाभावांत आवाज चढतो ती खोली. जे बोलायचे ते त्या चेहऱ्यासमोर बोला, असा हा करार होता.

किती घरांत त्या तसबिरीकडे पाहून चढलेला आवाज खाली येतो? डोळ्यांना सवय झाली की समोरचे दिसेनासे होते. खिडकीसमोर लावलेल्या छापील चित्रातला लाल रंग उन्हाने आधी उडतो, निळा मागे राहतो. वर्षानुवर्षे पवित्र हृदयाच्या तसबिरीतील हृदयच फिके होत जाते, आणि तिच्याखाली रोज बसणाऱ्यांपैकी कोणाच्या ते लक्षात येत नाही. अशा वेळी ‘आमच्या घरात देवाचे चित्र आहे’ या विधानाला कितपत अर्थ उरतो? सून ती तसबीर उतरवू पाहते. इतरांनी तर ती केव्हाच पाहायची सोडलेली असते.

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. आपल्यापैकी अनेकांच्या जेवणाच्या टेबलाजवळ सोनेरी चौकटीत असलेले ‘शेवटचे भोजन’ लिओनार्दो दा विंचीने १४९५ ते १४९८ च्या सुमारास मिलानमधील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहात, भिंतीवरच रंगविले. डोमिनिकन मठवासी त्याच्या सान्निध्यात जेवत. पुढे १६५२ मध्ये त्याच भिंतीत दार पाडण्यात आले, आणि प्रभूची पावले त्या दारात गेली. ज्या रात्री त्याने शिष्यांचे पाय धुतले, त्या रात्रीच्या चित्रातून त्याचेच पाय नाहीसे झाले. आधीच्या काळात केलेल्या नकलांतून ती पावले आपल्याला ठाऊक आहेत. मूळ भिंतीवर बुजविलेल्या दाराचा आकार तेवढा दिसतो. मठवासीयांवर दगड उचलण्याची आम्हांस घाई नाही. चित्राचा रंग तोवर पुष्कळ गळून गेला होता, आणि रोज जेवायला येणाऱ्यांना दार हवे असते. पण १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात भोजनगृहाचा मोठा भाग कोसळला तेव्हा वाळूच्या पोत्यांच्या आधाराने ती चित्राची भिंत उभी राहिली, हे वाचल्यावर मनात येतेच की शत्रूच्या बॉम्बने जे नेले नाही ते घरच्यांच्या सोयीने आधीच नेले होते.

सोफ्यावरच्या नव्या चित्राकडे वळू. पडद्यांच्या रंगाशी जुळते म्हणून घेतलेल्या चित्रात पाप नाही. डोळ्यांना विसावा देणे हेही चित्राचे काम होय, आणि गरिबाच्या घरालाही सौंदर्याचा हक्क आहे. समुद्राचे, भाताच्या खाचरांचे चित्र आम्हांस मनापासून आवडते. मात्र हल्ली आपल्याही काही घरांत सात धावते घोडे दिसू लागले आहेत. घोड्यांशी आमचे वैर नाही. ते देखणे म्हणून आणले असतील तर धावोत बापडे. भरभराट होईल म्हणून आणले असतील, तर चित्राकडून आपण काय मागत आहोत ते स्वतःस विचारावे. हाच प्रश्न त्या सोनेरी चौकटीलाही विचारता येतो. टेबल सागवानी, म्हणून चौकट भारी आणि म्हणून प्रभूचे भोजन हातभर मोठे, असा हिशेब झाला असेल, तर त्या चित्रात आणि घोड्यांत फरक उरतो तो फक्त विषयाचा.

आपली आवड तरी कितपत आपली असते? आंजेलो द फोन्सेका हे १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेले चित्रकार. अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याकडे शिकून ते परतले आणि त्यांनी साडी नेसलेली, आपल्या मातीच्या वर्णाची मरिया रंगविली. गोव्यातील ख्रिस्ती समाजात अनेकांना ती रुचली नाही. फोन्सेका पुण्यास आले, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करीत राहिले, आणि १९६७ मध्ये वारले. इटलीच्या स्त्रीचा चेहरा आपल्याला पवित्र वाटला, आपल्या आईसारखा चेहरा परका वाटला. हा दोष केवळ त्या पिढीचा म्हणून सोडून देता येणार नाही. आज त्यांच्या चित्राची प्रत कोणी आणली, तर ती आपल्यापैकी किती जणांच्या दर्शनी भिंतीवर लागेल याविषयी आम्ही साशंक आहोत. बहुधा तीही आतल्या खोलीत जाईल.

आमचे मत असे की जी तसबीर घरातील एकाही माणसाला खरोखर दिसते, तिला दर्शनी भिंतीवर जागा मिळणे हा त्या माणसाचा हक्क आहे; मग नवे चित्र लहान आणावे लागले तरी चालेल. आणि जी कोणालाच दिसत नाही ती सन्मानाने उतरविण्यात अधर्म नाही. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकू नये, जाळावी किंवा पुरावी, हा जुना प्रघात आहे, आणि तो पाळण्यास फारसा वेळ लागत नाही.

लावण्याचे काम उरते. किनाऱ्यालगतच्या पावसात भिंती ओल धरतात. चौकटीमागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळती राहते आणि कागदाला बुरशी सहसा धरत नाही. संग्रहालयांत चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर धरतात. दिवाणखान्यात आपण बहुधा बसलेले असतो, म्हणून वीतभर खाली आलेले बरे. एकाने चित्र भिंतीशी धरावे आणि बाकीच्यांनी आपापल्या रोजच्या जागी बसावे, मुलांनी जमिनीवर, सासूबाईंनी खिडकीजवळच्या खुर्चीत. त्यांना तेथून दिसते काय ते विचारावे. त्या म्हणतील, थोडे डावीकडे घ्या. मग पेन्सिलने खूण करून खिळा ठोकावा.