आवरलेला वेग

निवांत बसा. हातातलं काम बाजूला ठेवा. डोळे मिटले तरी चालेल.

मनात अहेरीचा दसरा आणा. राजघराण्याची पालखी निघाली आहे. रानातल्या गावांतून आलेली माणसं दुतर्फा उभी आहेत. पालखीला स्वतःची गती नाही. भोयांची पावलं पडतील तशी ती पुढे सरकते. एकाचा पाय अडखळला की बाकीचे सावरून घेतात. आपला श्वासही त्या पावलांबरोबर पडू द्या.

आता त्याच दसऱ्याच्या संध्याकाळी मनाने कोल्हापूरच्या दसरा चौकात या. छत्रपती घराण्याची मेबॅक येते आहे. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन मोटार.

तिच्या इंजिनापाशी जरा रेंगाळा. मेबॅकचा कारखाना 1909 मध्ये निघाला तो झेपेलिन या अजस्र हवाई जहाजांची इंजिनं करण्यासाठी. जर्मनी महायुद्ध हरली आणि 1919 च्या व्हर्साय तहाने विमानांची इंजिनं बनवायला बंदी आली. आकाश बंद झालं. कार्ल मेबॅक यांनी तीच विद्या रस्त्यावर आणली आणि 1921 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मोटार मांडली. कारखाना इंजिन आणि सांगाडा द्यायचा. वरची बॉडी गिऱ्हाईकाच्या पसंतीने दुसरे कारागीर घडवायचे. दोन दशकांत सुमारे 1,800 गाड्याच झाल्या.

पुढे दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्याने रणगाड्यांची इंजिनं केली. हा विचार आला तर झटकू नका. मोटारीचं कौतुक करताना तेवढं वगळणं मला पटत नाही.

पुन्हा चौकात या. तासाला शंभर किलोमीटर सहज ओलांडण्यासाठी घडवलेलं हे यंत्र गर्दीतून माणसाच्या चालीने सरकतं आहे. चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर अलगद टेकलेला. कुणाचं पोर पुढे आलं तर तिथेच थांबायचं. अहेरीत खांद्यांनी ठरवलेली चाल इथे ब्रेकवरच्या त्या पायाने सांभाळली आहे. मला या मोटारीचा सगळा रुबाब त्या पायात दिसतो.

आज दिवसभरात तुम्ही कुणासाठी असा पाय आवरलात? उत्तराची घाई नाही. चेहरा आठवेपर्यंत बसून राहा.

यंदा दसऱ्याला अहेरीत असाल तर पालखीमागे, कोल्हापुरात असाल तर मेबॅकमागे थोडं चाला. फोटोसाठी पुढे धावू नका. सोबत म्हातारं माणूस असेल, तर त्याच्या पावलाने चाला.