अंदाजपंचे

बेळगावच्या बऱ्याच नर्सिंग प्रबंधांत माझं नाव आहे, पण ते शोधायचं तर शेवटून सुरुवात करावी लागेल. नैतिकता समितीचं पत्र, संमतीपत्राचा नमुना, तज्ज्ञांची यादी आणि मग ‘प्रश्नावलीचं मराठी भाषांतर तपासलं, ते अचूक आहे’ असा एक कागद. त्याखाली माझी सही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, आता कॅम्पात घरीच असतो, म्हणून एम.एस्सी. नर्सिंगच्या मुली फाईल घेऊन येतात. इथे प्रश्नावली कन्नडमध्ये लागते आणि मराठीतही, कारण खानापूर-निपाणीकडच्या बाईला कन्नडमधून विचारलं तर ती मान डोलावते नि मोकळी होते. कन्नडसाठी वेगळे मास्तर आहेत, मराठीसाठी मी. मानधनाचं विचाराल तर दिवाळीत कधीतरी मिठाईचा पुडा येतो.

दहाबारा फायली हाताखालून गेल्यावर शीर्षक न वाचताही सांगता येतं. ‘अमुक विषयाबाबत तमुक लोकांच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता : निवडक रुग्णालयांतील अभ्यास.’ कधी शिक्षण कार्यक्रमाच्या जागी माहितीपुस्तिका येते, एवढाच फरक. ‘निवडक’ मात्र जागचा हलत नाही. कोणी निवडली, का निवडली, असं एकदा विचारलं तर मुलगी म्हणाली, ‘‘सर, परवानगी मिळाली ती निवडक.’’ आधी प्रश्न विचारायचे, मग तक्ते लावून पाऊण तास शिकवायचं आणि आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. गुण वाढतात. वाढणारच. आम्ही शाळेत त्याला घटक चाचणी म्हणायचो.

मागच्या वर्षी एक मुलगी बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाची फाईल घेऊन आली. सातवा प्रश्न असा होता : ‘प्रसूतीपश्चात अतिरक्तस्राव म्हणजे किती मिलिलिटरहून अधिक रक्त जाणे?’ पर्याय १००, ५००, २००० आणि ‘माहीत नाही’. व्याकरणाची एक चूक नाही. मी म्हटलं, ‘‘अगं, बाळंत झाल्यावर म्हण, अंगावरून जाणं म्हण. प्रसूतीपश्चात कोण बोलतं?’’ ती म्हणाली, गाइड मॅडमना शास्त्रीय शब्द हवेत. तेवढ्यात आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मूळच्या त्या खानापूर तालुक्यातल्या. मुलीने प्रश्न त्यांनाच वाचून दाखवला.

‘‘मिलिलिटर काय म्हाईत न्हाई बाई,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आमची आजी बाळंतपणं करायची. दोन लुगडी भिजून तिसरं घ्यायची पाळी आली की म्हणायची, गाडी जुपा.’’

मुलीने नियमाप्रमाणे ‘माहीत नाही’पुढे बरोबरची खूण केली. गुण शून्य.

त्या शून्यावर मी अजून अडकून आहे. मुलीचं चुकलं असं मी म्हणत नाही, तिला शिकवलं तेच तिने केलं. मला कोडं पडलं ते प्रश्नाचं. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसताना विचारला जातो तो प्रश्न आणि ठाऊक असताना विचारली जाते ती परीक्षा. नर्सिंगचं संशोधन परीक्षेच्या बाजूला कधी सरकलं? सुरुवात तर तिथे नव्हती.

सुरुवातीलाही एक प्रश्नावलीच होती. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर फ्लोरेन्स नाइटिंगेलने हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेकडे मोहरा वळवला. ती इथे कधीच आली नाही. लंडनच्या खोलीत बसून तिने लष्करी ठाण्यांना पाठवायची प्रश्नावली तयार करायला हात लावला : पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, एका बराकीत किती माणसं झोपतात, दारू किती मिळते, इस्पितळात खाटांमधलं अंतर किती. बेळगावची छावणी तेव्हा उभी राहून तीसेक वर्षं झाली होती. म्हणजे मी सकाळी फिरायला जातो त्या रस्त्यांवरच्या विहिरी आणि संडास त्या काळात सरकारी कागदावर मोजण्याजोगी गोष्ट ठरत होते. उत्तरांचे ढीग लंडनला गेले. १८६३च्या शाही आयोगाच्या अहवालात आकडा आला : गोऱ्या सैनिकांमध्ये दर हजारी ६९ मृत्यू, वर्षाला. लढाईतले नव्हेत; जुलाब, हिवताप, पटकी.

हे साम्राज्याचं काम होतं, गोऱ्या शिपायाचा जीव महाग म्हणून झालेलं. ते विसरून चालणार नाही. पण नाइटिंगेलला उत्तर खरोखरच ठाऊक नव्हतं, म्हणून तिने विचारलं. आणि उत्तर आल्यावर सरकारी खंडांच्या जाडीत ते गाडलं जाऊ नये म्हणून आपली निरीक्षणं तिने वेगळी छापवून घेतली, त्यात चित्रं घातली. नर्सने मोजावं, लिहावं आणि जिथे वाचलं जाईल तिथे छापावं, हा सगळा विचार त्या एका बाईत एकत्र होता. पुढे तो फुटला. शुश्रूषा बायकांकडे राहिली आणि लिहिणं डॉक्टरांकडे गेलं. देशातल्या परिचारिकांची संघटना १९०८ची, तिचं ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ १९१०पासूनचं. म्हणजे लिहायला जागा फार लवकर झाली होती. पण वॉर्डात शिकवण होती ती डॉक्टरांनी सांगितलेलं बिनचूक करण्याची. नर्सिंगची पदवी आली तीच मुळी १९४६मध्ये, दिल्लीला आणि वेल्लोरला. तोवर परिचारिकेची नोंदवही म्हणजे दुसऱ्याने वाचायची वही, हे रक्तात भिनून गेलं होतं.

मला ठाऊक असलेली सर्वांत चांगली गोष्ट मात्र याच जिल्ह्यातली आहे, आणि ती त्या मुलीच्या फाईलमध्ये नव्हती. तिच्या संदर्भसूचीत इथिओपिया होतं, इजिप्त होतं, नेपाळ होतं. बेळगाव नव्हतं.

२००२च्या सप्टेंबरात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या खेड्यांत एक चाचणी सुरू केली. बाळंतपणं घरात किंवा उपकेंद्रात होत होती आणि तिथे डॉक्टर नव्हता. रक्त थांबवायचं ऑक्सिटोसिन टोचावं लागतं, थंड जागी ठेवावं लागतं. मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडाने घेता येते, तिला फ्रीज लागत नाही. प्रश्न साधा होता आणि उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं : गावातल्या एएनएम सिस्टरने बाळ बाहेर येताच ही गोळी दिली तर रक्त जाणं कमी होईल का? १६२० बायका, त्यांतल्या निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. २५ सिस्टरांनी बाळंतपणं केली, गोळ्या दिल्या आणि रक्त मोजलं.

हे मोजणं बोलायला सोपं आहे. बाळंतिणीचं रक्त कपड्यात मुरतं, गर्भजलात मिसळतं, सारवलेल्या जमिनीत जिरतं. दिव्याच्या उजेडात बघून ‘दोनेकशे असेल’ म्हणायचं, हा डॉक्टरांचाही रिवाज. आपल्याकडे त्याला अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात. बेळगावच्या मंडळींनी त्यासाठी प्लास्टिकचं एक आच्छादन बनवलं. बाळंतिणीच्या कमरेखाली ते पसरायचं. खाली त्याला नरसाळ्यासारखी पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. त्याचं नाव ‘ब्रास-व्ही’, ते घडवणाऱ्या सात जणांच्या आद्याक्षरांवरून. जिल्हा रुग्णालयात १२३ बायकांवर नजरेचा अंदाज आणि हे आच्छादन ताडून पाहिलं, तर नजर ३३ टक्के कमी भरली. एक तृतीयांश रक्त शिकलेल्या डोळ्यांना दिसतच नव्हतं. मावशींच्या आजीकडे निदान लुगडं हे एक माप तरी होतं. (आजीला मोठं करायचा माझा विचार नाही. गाडी जुंपून खानापूरला पोचेपर्यंत किती बायका वाटेत गेल्या असतील, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.)

२००६च्या ऑक्टोबरात ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापला. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४वर आलं, तीव्र रक्तस्राव १.२वरून ०.२वर. दर अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. रेघांच्या आच्छादनाची कल्पना आणखी लांब गेली. २०२३मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या अभ्यासात सुरुवातच अशा आच्छादनाने रक्त मोजण्यापासून होती. वेळेवर कळलं, उपचार लगेच एकदम सुरू झाले, आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

‘लॅन्सेट’मधल्या लेखाला बारा लेखक आहेत. त्या २५ सिस्टरांपैकी कुणी त्यांत नाही. यात कुणी लबाडी केली असं नाही. नियतकालिकांच्या संपादकांचा नियमच तसा आहे. प्रश्नाची आखणी, माहिती मिळवणं किंवा विश्लेषण यांतलं काहीतरी, शिवाय मसुद्याचं लेखन, अखेरची संमती, सगळ्याची जबाबदारी, हे सारं असेल तर लेखक. नुसती माहिती गोळा केली तर आभार. नियम वाचला तर तर्कशुद्ध वाटतो. पण रात्री दोन वाजता, कंदिलाशेजारी उकिडवं बसून पिशवीवरची रेघ वाचणं हे ‘नुसतं’ कसं, ते मला उमगलेलं नाही. ती रेघ चुकली असती तर बारा जणांच्या विश्लेषणाला अर्थ काय राहिला असता?

गडचिरोलीलाही हेच दिसतं, जरा वेगळ्या बाजूने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८९मध्ये दोन गावांतल्या ६५० बायका तपासून ९२ टक्के जणींना स्त्रीरोग असल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पुढे गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायकांनी नवजात बाळांची वजनं घेतली, श्वास मोजले, आणि १९९९च्या लेखाने घरातल्या घरात बाळ वाचवता येतं हे दाखवलं. मोजणाऱ्या हातांना तिथे सन्मान मिळाला, ‘आरोग्यदूत’ असं नावही मिळालं. तरी प्रश्न डॉक्टरांचेच होते. चांगले होते, पण डॉक्टरांचे.

मग व्यवस्थेने ठरवलं की नर्सनेही संशोधन करावं, छापावं. झालं ते योग्यच, फक्त कारण भलतं होतं. २०१०मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीला गुणांक जोडले आणि छापील पान हे चलन झालं. चलन आलं की खोटी नाणी येतात. पैसे घ्यायचे आणि काहीही छापायचं, अशी नियतकालिकं गल्लोगल्ली निघाली. २०१८मध्ये पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्याच मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारेक नावं तपासली. ८८ टक्के निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिकं यादीतून काढली. नवी यादी आली, २०२५मध्ये तीही मोडीत निघाली. मला स्वतःला एका ‘आंतरराष्ट्रीय’ नर्सिंग नियतकालिकाचं पत्र आलं होतं : आपलं थोर योगदान पाहता संपादक मंडळावर या. माझं योगदान म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ.

आता सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ काढली आहे. सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजार नियतकालिकं. चांगली योजना आहे, पण ती सरकारी संस्थांसाठी. ती मुलगी खाजगी कॉलेजातली. तिच्या वाट्याला बहुतेक वेळा गोषवारा येतो, लेख नाही. मग संदर्भसूची गोषवाऱ्यांचीच होते आणि त्यातून शीर्षकही तेच ते निघतं.

त्या दुपारी मी तिला बेळगावच्या चाचणीबद्दल सांगितलं. तिने फोनवर शोधलं, आच्छादनाचं चित्र मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘सर, हे आमच्या वॉर्डात आहे! इथलं आहे हे कुणी बोललंच नाही.’’ मग जरा थांबून म्हणाली, की नाइट ड्यूटीला ते संपलेलं असतं तेव्हा त्या पॅड मोजतात, चार भिजले की डॉक्टरांना फोन करतात. चार का, ते तिला ठाऊक नव्हतं. सीनियर सिस्टर तसं करतात म्हणून.

‘‘हेच लिही की प्रबंधात,’’ मी म्हटलं.

‘‘विषय मंजूर झालाय, सर.’’

मी सही केली. सातवा प्रश्न जसाच्या तसा ठेवून. भाषांतर अचूकच होतं.

ती चपला घालत होती. मावशी पायरीवर बसून पान जुळवत होत्या. मुलगी एकदम वळली, प्रश्नावलीचं पान उलटं केलं, कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि विचारलं, ‘‘मावशी, ती लुगडी नऊवारी की सहावारी?’’

‘‘नऊवारी. पर जुनी. धुऊन धुऊन मऊ झालेली,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘नवं लुगडं कुठलं पाणी धरतंय?’’