श्रावणातलं कातडं

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरतीला घुमट हे मडक्याचं तालवाद्य हवंच, आणि ते कातड्यानं मढवायची वेळ नेमकी श्रावणात येते. श्रावणात आमच्याकडे मासळी शिजत नाही. भिजत घातलेलं बकऱ्याचं कातडं आई उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही, बादली गोठ्यात. चवथीला तेच कातडं माटोळीखाली, म्हणजे फळापानांनी सजवलेल्या मांडवीखाली, गणपतीपुढे असतं, आणि तीच आई घुमटाला हळदकुंकू लावते. मधल्या दिवसांत त्या कातड्याचं असं काय झालं?

केलेलं म्हणाल तर एवढंच. केस खरवडायचे. कातडं उजेडासमोर धरायचं. सुरीचा ओरखडा दिसला की ते बाद. कण्याची जाड रेघ मध्यावर येता कामा नये. ओलं असतानाच मडक्याच्या मोठ्या तोंडावर ताणायचं, काठाखाली दोरीचे फेरे आवळायचे आणि सावलीत सुकू द्यायचं. उन्हात ठेवायची घाई केली तर एका बाजूनं ओढलं जातं, फाटतंही. यात मंत्र कुठेच नाही. भटजींना विचारलं तर ते शंखाकडे बोट दाखवतात: तेही मेलेल्या जिवाचं कवच, आणि पूजेत त्याशिवाय चालत नाही. उत्तर बिनतोड आहे, पण ते सोवळ्याओवळ्याचं. मला टोचतो तो जीव.

कारण पूर्वी घुमटाच्या तोंडावर घोरपडीचं कातडं असायचं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपड मारणं गुन्हा आहे, म्हणून बकरा आला. 2019मध्ये सरकारनं घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. जुने वादक मात्र अजून कुरकुरतात, ती घूम आता नाही. बकऱ्याचं कातडं पावसाळी हवेत सैल पडतं हे खरंच. आरतीआधी चुलीच्या धगीवर धरावं लागतं.

पण बकरा काय, जीव नव्हे? ही बदली अहिंसेच्या नावावर खपवणं मला पटत नाही. फरक मला दिसतो तो असा, की खाटकाकडचा बकरा घुमटासाठी मरत नाही, त्याचं कातडं मागे उरतं. घुमटासाठी धरलेली घोरपड आपल्या आरतीच्या नावानं मरायची. शास्त्र उलट सांगेल. देवाला उरलंसुरलं चालत नाही, आधी त्याचा वाटा, मग आपला. आणि देवीपुढे बकरा कापला जातो तो तिच्यासाठीच. इथे मी शास्त्राच्या विरुद्ध बाजूला आहे, आणि तिथेच बरा आहे. देवाच्या नावानं एक जीव जास्त जाण्यापेक्षा त्यानं उरलेलं चालवून घ्यावं.

भाचा माझ्याही पुढे गेला. म्हणाला, "मामा, प्लॅस्टिकचं पान बसवूया. कोणी मरायलाच नको." मी नको म्हटलं. का, म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणालो, ती घूम त्याला नाही.